घरपट्टीमाफीचे राजकारण आणि आपण

आमच्या भागातील शाखेने काढलेले एक पत्रक माझ्यासमोर आहे. कागद साधा, छपाई बरी, मजकूर अकरा ओळींचा. ‘पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी संपूर्ण माफ झालीच पाहिजे’ ही त्यातील पहिली मागणी. पुरेसे पाणी, गटारे आणि दवाखाना यांची मागणी शेवटी आली आहे. पहिल्या मागणीखाली ठळक रेघ ओढलेली आहे, शेवटच्या मागणीखाली नाही. पत्रक काढणारे कार्यकर्ते मला मुलांसारखे आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्यावर सही करण्यास मी नकार दिला, आणि ‘सर, तुम्ही लोकांच्या विरुद्ध बोलता आहात’ हे वाक्य ऐकून घरी आलो. आयुष्यभर वर्गात सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवलेल्या माणसाला ते वाक्य लागावे हे स्वाभाविक आहे. त्या बैठकीत जे नीट मांडता आले नाही ते येथे मांडतो.

कोणत्याही कराविषयी समाजवादी माणसाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की हा कर कोणाच्या खिशातून निघतो? या कसोटीवर आपल्या देशाची गेल्या चाळीस वर्षांची करव्यवस्था तपासून पाहा. मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या संपत्तीवरचा कर १९८५ साली रद्द झाला. देणगी कर १९९८ मध्ये गेला. संपत्ती कराला २०१५ च्या अर्थसंकल्पात मूठमाती मिळाली. आज माणसाने किती मिळवले यावर कर आहे आणि किती खर्च केले यावरही कर आहे. चप्पल आणि साबण घेणारी मोलकरीणही तो दुसरा कर भरते. परंतु माणसाजवळ किती साठले आहे, यावर दरवर्षी बसणारा कर जवळजवळ एकच उरला आहे, आणि तो म्हणजे नगरपालिकेची घरपट्टी. बाकीच्या संपत्तीकरांचे थडगे धनिकांनी बांधले. या शेवटच्या कराचे थडगे बांधण्यासाठी विटा वाहण्याचे काम आपण अंगावर घ्यावयाचे काय?

घर आणि जमीन या संपत्तीचा आणखी एक विशेष आहे. तिची किंमत मालकाच्या श्रमाने फारशी वाढत नाही, ती वाढते समाजाच्या श्रमाने आणि सार्वजनिक पैशाने. कालपर्यंत ज्वारी होत असलेल्या शेतावरून विकास आराखड्यातील रस्त्याची रेघ गेली, जलवाहिनी आली, मेट्रोचा खांब उभा राहिला, की एकराचा भाव गुंठ्याला मिळू लागतो. मालकाने त्यासाठी काय केले? तो झोपलेला होता. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंतचे अर्थशास्त्रज्ञ या अनर्जित वाढीबद्दल बोलत आले आहेत, आणि त्यांतील कोणी मार्क्सवादी नव्हता. या वाढीचा थोडासा हिस्सा शहराला परत मिळवून देणारे साधन म्हणजे मालमत्ता कर. ते साधन बोथट आहे, भ्रष्टाचाराने गंजलेले आहे, हे सर्व मला मान्य आहे. गंजलेल्या विळ्याला धार लावायची असते, तो विहिरीत टाकायचा नसतो.

आता मुंबईचे उदाहरण पाहू, कारण आमच्या पत्रकाची स्फूर्ती तेथूनच आलेली दिसते. १ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मुक्त करण्याची घोषणा केली. सुमारे सोळा लाख कुटुंबांना लाभ होईल असे सांगण्यात आले. आकडा मोठा आहे, आणि त्यातील बहुसंख्य कुटुंबे कष्टकऱ्यांची आहेत हे मी नाकारत नाही. परंतु माफीची कसोटी कोणती लावली? क्षेत्रफळाची. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून कर आकारला जातो तो भांडवली मूल्यावर. म्हणजे मलबार हिलचे साडेचारशे फूट आणि मानखुर्दचे साडेचारशे फूट यांत फरक करण्याची सोय कायद्यात आलेली होती. माफी देताना ती सोय बाजूला ठेवली आणि फूटपट्टी हातात घेतली. समुद्र दिसणाऱ्या खिडकीलाही माफी आणि नाला दिसणाऱ्या खिडकीलाही माफी. शिवाय ज्याचे स्वतःचे घरच नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या घरमालकाचा कर गेला म्हणून त्याचे भाडे उतरल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. फुटपाथवर आणि अनधिकृत ठरवलेल्या झोपडपट्टीत राहणाऱ्यांना तर या माफीशी काही कर्तव्यच नाही. त्यांची लढाई हंड्याची आहे.

पुण्यात हाच प्रकार वेगळ्या रीतीने चालतो. स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत, ही पद्धत येथे १९७० पासून आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती काढून घेतली. मग आंदोलने झाली, निवेदने झाली आणि २०२३ मध्ये ती परत आली. सर्व पक्षांनी श्रेयाचे फलक लावले. नागरिकांनी पीटी-३ नावाचा अर्ज घेऊन रांगा लावल्या. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न आपल्यासह कोणीही विचारला नाही. कोरेगाव पार्कातील बंगल्यात राहणाऱ्यालाही ४० टक्के आणि धनकवडीतील दोन खोल्यांत राहणाऱ्यालाही ४० टक्केच, हा कोणता न्याय? दोघांनाही सारखीच टक्केवारी दिली, की बंगल्याच्या पदरात रुपये अधिक पडतात हे चौथीच्या गणितातील उदाहरण आहे. सवलत लहान घरांपुरती ठेवून मोठ्या घरांची काढा, अशी मागणी करणे हे आपले काम होते. आपण फलक लावणाऱ्यांच्या मागे उभे राहिलो.

पैशाचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. शहराच्या स्वतःच्या उत्पन्नाची कहाणी गेल्या पंधरा वर्षांत काय झाली तेही लक्षात घेतले पाहिजे. जकात भ्रष्ट होती, नाक्यावर ट्रक खोळंबत, म्हणून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आणला. पुण्यात तो १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, तेव्हा १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीला तोही माफ झाला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. त्या बदल्यात राज्य सरकार दरवर्षी नुकसानभरपाई देते. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही भरपाई सुमारे १४ हजार ४०० कोटींची आणि मालमत्ता कराचा अंदाज ५ हजार २०० कोटींचा. म्हणजे देशातील सर्वात श्रीमंत महापालिकासुद्धा स्वतःच्या मालमत्ता करापेक्षा मंत्रालयातून येणाऱ्या धनादेशावर अधिक अवलंबून आहे. मग लहान नगरपालिकांची अवस्था काय असेल? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आपल्याला नगरराज्याचे स्वप्न दाखवले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून दिले. तिजोरीची किल्ली मात्र मुंबईतच राहिली. आता उरलेसुरले स्वतःचे उत्पन्न आपण लोककल्याणाच्या नावाने सोडून देतो, आणि मग निधीसाठी पालकमंत्र्यांच्या दारात उभे राहतो. ज्याच्या हातात निधी त्याच्या हातात नगरसेवक, हे ओळखण्यासाठी राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

कर आणि अधिकार यांचे नाते येथे आहे. जो कर भरतो तो सभेत उठून विचारू शकतो की माझ्या पैशाचे काय केलेत? माफी मिळालेल्या माणसाच्या तोंडावर एक अदृश्य हात ठेवलेला असतो. ‘तुमचे तर आम्ही सगळे माफ केले’ हे उत्तर त्याला केव्हाही मिळू शकते. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, तेथे निवडून आलेले सभागृह नव्हते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ (यू) सांगतो. चार वर्षांचे अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. या काळात रस्त्यावर मोर्चे निघाले ते बहुतेक माफीसाठी. आमच्या पैशाचा अर्थसंकल्प आमच्या प्रतिनिधींशिवाय मंजूर कसा होतो, या प्रश्नावर किती मोर्चे निघाले? निवडणूक आली तेव्हाही माफीची आश्वासने भरपूर होती, आणि या चार वर्षांचा जाब मागणारे थोडे होते.

येथपर्यंत वाचून आमचे तरुण साथी म्हणतील, ‘सर, हे सगळे पेठेत बसून ठीक आहे. समाविष्ट गावांत येऊन बोला.’ त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि या वादाचा खरा गाभाही तेथेच आहे.

२०१७ मध्ये अकरा आणि २०२१ च्या जूनअखेर तेवीस गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. ग्रामपंचायतीची पट्टी शेकड्यांत होती, महापालिकेची हजारांत गेली. कायद्याप्रमाणे ती वाढ एकदम न करता दरवर्षी वीस टक्क्यांच्या पायरीने करावयाची असते. पण पायरी चढताना वर काही मिळणार आहे, अशी खात्री लोकांना हवी. वर काय होते? टँकर. २०१७ साली महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने दोनशे कोटींचे रोखे मुंबईच्या शेअर बाजारात विकले, त्याचा मोठा गाजावाजा झाला. योजनेच्या नावात ‘समान’ हा शब्द आहे. परंतु ती आखली गेली तेव्हा ही गावे हद्दीत नव्हती, त्यामुळे समानतेच्या नकाशातही ती नव्हती. तेवीस गावांच्या बाबतीत तर आणखी एक कौतुक घडले. गावे महापालिकेत आली आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या नियोजनाचा अधिकार राज्य सरकारने महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवला. म्हणजे इमारतींना परवानगी देणार आणि त्यासाठीचे शुल्क घेणार एक संस्था, आणि त्या इमारतींना पाणी देणार, त्यांचे मैलापाणी वाहून नेणार, कचरा उचलणार दुसरी! नफा एका खात्यात आणि ओझे दुसऱ्या खात्यात, ही हिशेबाची पद्धत खाजगी उद्योगपतींनी सरकारकडून शिकली की सरकारने त्यांच्याकडून, हे सांगणे कठीण.

त्याचा परिणाम काय झाला तो २०२५ च्या जानेवारीत साऱ्या देशाने पाहिला. सिंहगड रस्त्यावरील किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिलेन-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. हातपाय लुळे पडलेली माणसे, त्यांत लहान मुले, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारे जंतू सापडले. या भागातील अनेक घरांना नांदेड गावच्या विहिरीतून पाणी येत होते. त्यात क्लोरिन घातले जात होते, ते गाळण्याची यंत्रणा नव्हती. ज्या गावाच्या नावाचे धरण सगळ्या पुण्याला पाणी पाजते, त्या धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना गाळलेले पाणी नव्हते. पाण्याच्या खाजगी शुद्धीकरण केंद्रांची तपासणी मग सुरू झाली, आणि त्यांतील कित्येक बंद करावी लागली.

याच महापालिकेच्या हद्दीत, त्याच दशकात, औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग ‘स्मार्ट’ करण्यासाठी निवडला गेला होता. त्यासाठी निराळी कंपनी स्थापन झाली. पदपथ रुंद झाले, झाडांभोवती बसायला कठडे आले. ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली. किरकटवाडीचे रुग्ण तेव्हा कोठे अंथरुणातून उठत होते. बाणेरच्या नागरिकांचा मला मत्सर नाही, चांगला पदपथ हा त्यांचाही हक्क आहे. परंतु सुधारणेचा पैसा कोणत्या दिशेने वाहतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने या दोन भागांतून एकाच दिवशी चालत जावे. एकोणिसाव्या शतकात याच शहराच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्यास विरोध केला होता, आणि ते गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सुचवले होते. पैसा कोणावर, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मग या गावांतील लोकांनी कर का भरावा? त्यांचा संताप न्याय्य आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मतभेद आहे तो संतापाला दिशा कोणती द्यावी याविषयी. निवडणुकांच्या वर्षात, २०२४ मध्ये, राज्य सरकारने या गावांतील करवसुलीला स्थगिती दिली. फटाके वाजले. आणि पुढल्या जानेवारीत त्यांपैकीच काही गावांत ती साथ आली. मी स्थगितीमुळे साथ आली असे म्हणत नाही, तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मी एवढेच म्हणतो, की स्थगिती देणे सरकारला स्वस्त पडले. गाळणी केंद्र बांधायला कोट्यवधी रुपये आणि काही वर्षे लागतात, स्थगितीला एक सही लागते. सरकारने लोकांना पाण्याच्या ऐवजी सही दिली, आणि आपण ती जिंकल्याच्या आनंदात घेतली.

आपल्याच चळवळीतील एक जुना दाखला येथे आठवतो. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगावसारखी उपनगरे महापालिकेत आली. आजच्या समाविष्ट गावांची जी कथा तीच तेव्हा त्या उपनगरांची होती. मृणालताई गोरे १९६१ मध्ये तेथून नगरसेविका झाल्या आणि लोकांनी त्यांना नाव दिले ते ‘पाणीवाली बाई’. त्यांच्या बायकांच्या मोर्च्यांत हंडे होते, घेराव होते, अधिकाऱ्यांची झोप उडवणारी चिकाटी होती. आम्हाला महापालिकेच्या खर्चातून वगळा, असे त्या बायका म्हणत नव्हत्या. आम्ही या शहराच्या आहोत आणि शहराच्या नळावर आमचा हक्क आहे, असे त्या म्हणत होत्या. या दोन मागण्यांत फार अंतर आहे. पहिली मागणी करणारा माणूस शहरातून बाहेर पडतो, दुसरी करणारा शहराचा ताबा मागतो.

आपण काय मागावे? माझ्या मते समाविष्ट गावांत मागणी अशी हवी, की जेवढी सेवा तेवढाच कर, आणि सेवेची तारीख लेखी. नळ नाही तोवर पाण्याचा भाग बिलात नाही, मैलावाहिनी नाही तोवर तिचा भाग नाही, आणि टँकरचा खर्च सोसायट्यांनी सोसला असेल तर तो बिलातून वजा. हे मागणे माफीपेक्षा कठीण आहे, कारण त्यात महापालिकेला प्रत्येक गावात आपण काय दिले ते लिहून द्यावे लागते. नेमके तेच तिला नको असते. गावाकडून किती कर आला आणि गावात किती खर्च झाला, याचा फलक प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लागला पाहिजे. नगरसेवकाचे नाव रंगवलेली बाकडी पुण्यात पावलोपावली दिसतात, असा फलक एकही दिसत नाही. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, मतदारांनी एकत्र बसून प्रभागाच्या कामांवर बोलावे म्हणून. ती सभा तुमच्या प्रभागात भरलेली कोणाला आठवते का? कायद्यातील हे कलम उघडून आयुक्तांसमोर ठेवण्याचे काम आपल्याशिवाय दुसरा पक्ष करणार नाही, कारण भरलेली क्षेत्रसभा कोणत्याही ठेकेदाराला सोयीची नसते.

जुन्या हद्दीत मागणी अर्थात वेगळी हवी. दर चढता हवा. लहान आणि कमी मूल्याच्या घराला नाममात्र कर, मोठ्या घराला जास्त, आणि गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या सदनिकेला सर्वात जास्त. नाममात्र म्हणजे शून्य नव्हे, वर्षाला शंभर रुपये का असेनात. त्या पावतीवर माणसाचे नाव असते आणि त्या नावाला किंमत असते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवेचे घर मोक्याच्या जागी आहे आणि उत्पन्न काहीच नाही, अशी उदाहरणे मला माहीत आहेत. तिचा कर घर विकले जाईपर्यंत किंवा वारसाकडे जाईपर्यंत बिनव्याजी थांबवता येतो. त्यासाठी बंगलेवाल्याला चाळीस टक्के देण्याची गरज नाही.

थकबाकीविषयी थोडक्यात. सामान्य माणसाचे बिल थकले की दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. सावकाराला लाजवील असा हा दर. थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्याचाही प्रयोग पुण्यात झाला. दुसरीकडे मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावता येतो असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तरी त्या कंपन्यांकडील कोट्यवधींची बाकी वर्षानुवर्षे वादात आणि कागदात अडकून राहते. मधूनमधून अभय योजना येते आणि थकवणाऱ्याची शास्ती माफ होते. वेळेवर भरणारा कारकून आपल्या पावतीकडे पाहत राहतो. बँड वाजवायचाच असेल तर कोणाच्या दारात, हे आपण सुचवू शकतो.

‘एवढे सगळे लोकांना समजावून सांगणार कोण? माफी म्हटले की टाळी पडते,’ असे शाखेतील एका साथीने मला विचारले. टाळी पडते हे खरे. पण माफी देण्याच्या शर्यतीत आपण कधीही पहिले येणार नाही. ज्यांच्या हातात राज्याची तिजोरी आहे ते पाचशेचे सातशे करतील, सातशेचे हजार करतील, आणि आपण त्यांच्या मागे धावत त्यांच्याच घोषणा अर्ध्या आवाजात देत राहू.

येत्या रविवारी शाखेची बैठक आहे. पत्रकाचा नवा मसुदा मी सोबत नेणार आहे. त्यात पाणी पहिल्या ओळीवर आहे, क्षेत्रसभा दुसऱ्या, आणि घरपट्टीच्या चढत्या दराचा तक्ता मागच्या पानावर. साथींनी तो फाडला तरी चालेल, पण फाडण्यापूर्वी तक्ता तपासावा, आकडेमोड हाताने केलेली आहे.